धार तुटेपर्यंत

पहिल्या रात्री शेंगतेल पाण्यासारखं उडालं,
वाटीच्या काठावर आपटून, तुषार होऊन,
पडद्याच्या काळ्या रिकामपणात कुठेतरी संपलं.
दुसऱ्या रात्री ते उतरलंच नाही.
डांबरासारखं हवेत लोंबत राहिलं
आणि एका न पडणाऱ्या धारेसाठी
संगणक पहाटेपर्यंत गुरगुरत होता.

दहा सेकंदांची जाहिरात. मार्केट यार्डाजवळच्या घाणेवाल्याची.
म्हणाला, धार बघून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, ताई.
तोंडाला. वाटीला नाही.

प्रोग्रॅममध्ये एक चौकोन आहे, श्यानता लिहायचा.
तक्त्यात सरळ दिलंय: पाणी एक, शेंगतेल ऐंशी.
मी ऐंशी लिहिले.
ऐंशी काय, ते बारीक अक्षरात वर होतं, सेंटिपॉइज,
आणि चौकोनाला हवं होतं
चौरस मीटर, दर सेकंदाला.
क्षेत्रफळ! दर सेकंदाला!
तेल काय जुळे सोलापुरात प्लॉट घेतंय?

अशोक चौकामागे मल्लेशममामांचं खळघर.
मोठ्या कढईत स्टार्च रटरटतो,
भिंतींना चाळीस वर्षांची पांढरी साय.
सुताला खळ पातळ बसली तर मागावर धागे तुटतात,
जाड बसली तर ताणा काठीसारखा होतो.
मामांकडे तक्ता नाही.
बुडाला भोक असलेला पितळी पेला आहे.
भोकावर बोट, पेला भरून वर,
बोट काढलं की तेलुगूत मोजायला सुरुवात.
"धार तुटली की थांबायचं. थेंब मोजायचे नाहीत.
इरवै रेंडु. बावीस. झाली खळ."

"पण मामा, बावीस सेकंद म्हणजे किती घट्ट?"
"बावीस सेकंद म्हणजे बावीस सेकंद घट्ट.
अजून काय करालीस त्याचं?"

रिक्षात बसल्यावर डोक्यात पडलं.
पेल्यातून खळीला कोणी ढकलत नाही,
ती स्वतःच्याच वजनानं उतरते.
म्हणजे तिचा घट्टपणा पेल्यानं
तिच्याच जडपणानं आधीच भागून टाकलेला.
चौकोनालाही नेमकं तेच हवं होतं.
ऐंशी सेंटिपॉइज, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य आठ पास्कल-सेकंद,
भागिले नऊशे दहा, लिटरमागे तेलाचं वजन म्हणून ग्रॅममध्ये,
किंवा घनमीटरमागे किलोत, आकडा तोच.
उरतो एक इतका बारीक अपूर्णांक
की दशांशचिन्हानंतरची शून्यं
मी रिक्षावाल्याच्या पाठीवर बोटानं मोजत होते.
तो म्हणाला, काय झालं मॅडम?

तिसऱ्या रात्री आकडा बरोबर होता.
तेल पुन्हा पाण्यासारखं,
फक्त आता हत्तीच्या चालीनं, फेसाळत.
एक वाजता माप तपासलं:
माझी वाटी दहा मीटर रुंद होती.
यंत्रमागाच्या आख्ख्या शेडएवढी.
एवढ्या वाटीत कुठलंही तेल पाणीच होतं,
आणि चूक तेलाची नसते.
आकडा खरा होता. मी त्याला राक्षसाच्या घरी जेवायला बसवलं होतं.

वाटी दहा सेंटिमीटर केली.
मग आठवलं, तक्ता वीस अंशाला लिहिलेला आहे,
आणि इथे मे महिना, खोलीत एकेचाळीस.
कुठल्या तरी थंड गावच्या माणसानं
अंगात स्वेटर घालून मोजलेले ऐंशी.
आमच्याकडे तेलाला एवढा आळस परवडत नाही.
निम्मे केले.

पहाटे पाणी आलं नळाला, खाली बादल्यांचा आवाज,
आणि पडद्यावर धार सुटली.
सोनेरी, अखंड, काठाला न शिवता
चटणीच्या लाल ढिगात एक खळगा पाडून त्यात बसली.
मी नकळत मोजत होते, मामांच्या भाषेत,
धार बारीक झाली, थरथरली,
पदि,
पदकोंडु,
तुटली. अकरा.

जाहिरात दहाची.
घाणेवाल्याला दहा पाठवलेत.
शेवटचा एक सेकंद
माझ्याकडे आहे.